भाकितांची वही कोण ठेवणार? : मराठी वृत्तमाध्यमांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक

विषय : आंतरराष्ट्रीय घडामोडींची भाकिते करणाऱ्या तज्ज्ञांची पूर्वीची भाकिते वाचक-प्रेक्षकांसमोर ठेवण्याबाबत

स.न.वि.वि.

निफाड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आहे. हे पत्र तक्रारीचे आहे, पण तक्रार कोणा एका वाहिनीची किंवा दैनिकाची नाही, म्हणून ते आपणा सर्वांना मिळून लिहीत आहे.

२०२३ च्या अखेरीस येमेनमधील हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपकडे जाणारी बरीच जहाजे सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. आमच्याकडे द्राक्षांचा हंगाम नेमका त्याच वेळी तोंडावर आला होता. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला जाणाऱ्या कंटेनरचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे वाढले आणि माल कधी तोडायचा हा प्रश्न घरोघरी चर्चेला आला. माझ्या शेजाऱ्यांनी जानेवारीत एका वाहिनीवर एका तज्ज्ञांना ठामपणे सांगताना ऐकले की आता अमेरिकी नौदल उतरले आहे, महिनाभरात मार्ग मोकळा होईल. त्यांनी एका प्लॉटची तोडणी थांबवली. मार्ग काही मोकळा झाला नाही. तीन आठवड्यांत मणी मऊ पडले, पॅकहाऊसने माल नाकारला आणि तो प्लॉट बेदाण्याला गेला. टीव्हीवर ऐकून तोडणी थांबवू नये हे शेजाऱ्यांनाही आता पटले आहे; तो भाग वेगळा. मला खटकले ते पुढचे. मार्चमध्ये तेच तज्ज्ञ त्याच वाहिनीवर, तांबडा समुद्र दीर्घकाळ धोक्याचा राहणे भौगोलिकदृष्ट्या कसे अटळ होते, हे तितक्याच ठामपणे समजावून सांगत होते आणि निवेदकाने त्यांना जानेवारीची आठवणसुद्धा करून दिली नाही. पडलो तरी नाक वर म्हणतात ते तज्ज्ञांचे. पण ते वर धरायला हात वाहिनीने दिला होता.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखलेले आहेत : भाकीत केल्याची तारीख, करणाऱ्याचे नाव, नेमके शब्द, मुदत आणि शेवटी काय झाले. या वहीचे पहिले पान मात्र आपल्याकडच्या कोणाचे नाही. ते जॉर्ज फ्रीडमन या अमेरिकी भूराजकीय भाकीतकाराचे आहे. नकाशापुढे उभे राहून पुढच्या वीस-पन्नास वर्षांचे चित्र सांगणारा तज्ज्ञ हा जो साचा आज आपल्या पडद्यांवर दिसतो, तो घडवणाऱ्यांत त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यामुळे त्यांच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

फ्रीडमन यांचा जन्म १९४९ मध्ये बुडापेस्टमध्ये झाला. आईवडील हंगेरियन ज्यू, नाझींच्या संहारातून वाचलेले. देशात कम्युनिस्ट राजवट घट्ट होऊ लागल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमधील एका रात्री हे कुटुंब रबरी होडीतून डॅन्यूब ओलांडून निघाले. सहा महिन्यांचे मूल रडले असते तर काठावरच्या पहारेकऱ्यांना सुगावा लागला असता, म्हणून त्याला झोपेचे औषध दिले होते. ऑस्ट्रियामार्गे कुटुंब अमेरिकेत पोहोचले आणि मुलगा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात वाढला. भूगोलाच्या शिक्षकाला ही हकीकत वाचून जे वाटले ते सांगितल्यावाचून राहवत नाही : ज्याच्या आयुष्याची पहिली घटनाच नदी, सीमा आणि पहारा यांनी ठरवली, त्याने पुढे राज्यकर्त्यांच्या इच्छेपेक्षा नद्या, पर्वत आणि समुद्रमार्ग यांवर अधिक भरवसा ठेवावा, यात मला नवल वाटत नाही. फ्रीडमन यांची विचारपद्धती नेमकी हीच आहे. नेता कोणीही असो, देशाचे स्थान त्याच्यापुढे फारच थोडे पर्याय शिल्लक ठेवते आणि ते पर्याय ओळखले की पुढची चाल ओळखता येते, असे त्यांचे म्हणणे आहे.

सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कची पदवी आणि कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्यांनी पेनसिल्व्हेनियातील डिकिन्सन कॉलेजात जवळपास वीस वर्षे अध्यापन केले. १९९६ मध्ये त्यांनी स्ट्रॅटफोर ही कंपनी काढली आणि टेक्सासमधील ऑस्टिन हे तिचे ठिकाण झाले. सरकारी गुप्तचर खात्यात जसे अहवाल तयार होतात तसे अहवाल, पण बहुतांशी उघड स्रोतांवरून, वर्गणी भरणाऱ्या कोणालाही द्यायचे, अशी ती कल्पना होती. १९९९ च्या कोसोवो युद्धात तिचे रोजचे टिपण इंटरनेटवर वाचले जाऊ लागले. अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तर तिला विचारल्याशिवाय कोणाचे पान हलेना. बॅरन्स या अर्थसाप्ताहिकाने त्या काळात तिला ‘छुपी सीआयए’ असे म्हटले आणि हे बिरुद जाहिरातीपेक्षा अधिक कामाला आले.

आता वहीच्या दोन नोंदी पाहू. पहिली १९९१ ची. त्या वर्षी फ्रीडमन यांनी मेरेडिथ लेबार्ड यांच्याबरोबर ‘द कमिंग वॉर विथ जपान’ हे पुस्तक लिहिले. शीतयुद्ध संपल्यावर जपानला अमेरिकेच्या छत्राची गरज उरणार नाही, तेल आणि कच्चा माल आणणाऱ्या सागरी मार्गांवरून दोघांची टक्कर होईल आणि ती युद्धापर्यंत जाईल, असे त्याचे सूत्र होते. पुस्तक आले तेव्हा टोकियोचा शेअर बाजार कोसळू लागून वर्ष उलटले होते. निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेली उंची पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडले, आणि या सगळ्या काळात जपान अमेरिकेचा मित्रदेशच राहिला. भाकीत चुकले, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जपानच्या उत्कर्षाबद्दल त्या काळी भलेभले फसले होते. मला महत्त्वाचे वाटते ते हे की या चुकीचा लेखकाच्या प्रसिद्धीवर काडीचाही परिणाम झाला नाही. स्ट्रॅटफोर त्यानंतर पाच वर्षांनी निघाली.

दुसरी नोंद २००९ ची. ‘द नेक्स्ट १०० इयर्स’ हे पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत गेले आणि फ्रीडमन यांचे नाव जगभर झाले. त्यात चीन २०२० पर्यंत कागदी वाघ ठरेल, अंतर्गत प्रादेशिक ताणांनी केंद्रसत्ता खिळखिळी होईल, असे आहे. रशिया युक्रेन आणि आपल्या पश्चिम सीमेवर पुन्हा जोर लावील आणि मग २०२० च्या सुमारास त्याची घडी विस्कटेल, असे आहे. पोलंड, तुर्कस्तान आणि जपान ही उद्याची बलस्थाने म्हणून दाखवली आहेत. शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिको अमेरिकेला आव्हान देईल, असेही आहे. भारताच्या वाट्याला मात्र फारच थोडी जागा आली आहे. आणि मध्यावर एक जागतिक युद्ध आहे, ज्यात जपान नोव्हेंबर २०५० मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सुटीच्या दिवशी, चंद्रावरच्या तळावरून अमेरिकी अवकाश-केंद्रांवर हल्ला करतो. १९९१ मध्ये ठरलेले लग्न मोडले म्हणून मुहूर्त २०५० चा काढला, असे कोणी म्हटले तर मी त्याला वर्गाबाहेर काढणार नाही. ती नोंद तपासायला मी नसेन. त्या रकान्यात ‘तपासणार’ म्हणून माझ्या सातवीतल्या नातीने स्वतःच्या हाताने सही केली आहे.

थट्टा बाजूला ठेवतो, कारण या माणसाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. रशिया युक्रेनवर जोर लावील हे त्यांनी २००९ मध्ये लिहिले. त्यानंतर पाच वर्षांनी क्रिमिया गिळंकृत झाला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वंकष आक्रमण झाले. दिशा बरोबर होती. त्याच प्रकरणातला रशियाचा विस्कोट मात्र ठरल्या वेळी झाला नाही आणि चीनही २०२० मध्ये कागदाचा निघाला नाही. शिवाय तपशील चुकतील, शतकाचा रोख ओळखणे एवढाच आपला हेतू आहे, असे फ्रीडमन यांनी स्वतःच पुस्तकात कबूल केले आहे. २०१५ मध्ये स्ट्रॅटफोर सोडून त्यांनी काढलेली जिओपॉलिटिकल फ्युचर्स ही संस्था तर आपल्या वार्षिक अंदाजांचे प्रगतिपुस्तकही प्रसिद्ध करते. आपल्याकडच्या किती तज्ज्ञांनी हे केले आहे? विद्यार्थ्याने स्वतःचाच पेपर तपासला तर गुण थोडे सैल हाताने पडतात, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. तरीही तपासणे हे न तपासण्यापेक्षा बरेच.

परंतु आपले निवेदक ‘अमेरिकेतील एका नामांकित भूराजकीय तज्ज्ञाच्या मते’ असे म्हणून जेव्हा एखादे वाक्य उचलतात, तेव्हा त्यातून ही कबुली, हे प्रगतिपुस्तक आणि १९९१ चे पुस्तक ही तिन्ही गळून पडलेली असतात. राहते ते फक्त ‘नामांकित’. आणि नामांकित असणे ही अचूकतेची खूण आहे का, हा प्रश्न आता मताचा राहिलेला नाही. तो मोजून झाला आहे.

मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे वीस वर्षे २८४ तज्ज्ञांकडून हजारो भाकिते टक्केवारीसह लिहून घेतली, मुदत संपेपर्यंत थांबले आणि मग ताळा केला. निष्कर्ष २००५ मध्ये पुस्तकरूपाने आले. दूरच्या भविष्याबद्दल सरासरी तज्ज्ञ केवळ अंदाजपंचे दिलेल्या उत्तरांच्या फारसा पुढे नव्हता, आणि एकाच मोठ्या सूत्रात सगळे जग बसवणारे लोक तर, अनेक बारीकसारीक गोष्टी जुळवून मत बदलत राहणाऱ्यांपेक्षा मागे होते. सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की माध्यमांत ज्यांना अधिक बोलावणे असे, त्यांची भाकिते इतरांपेक्षा सरस नव्हती, उलट काहीशी कमीच भरत होती. कारण उघड आहे. ‘एका बाजूने असे, दुसऱ्या बाजूने तसे, साठ टक्के संभव’ असे म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा कोण बोलावतो? आपणच बोलावत नाही. त्यामुळे फ्रीडमन यांच्यासारख्या माणसाची प्रसिद्धी ही त्यांच्या बुद्धीइतकीच आपल्या निवडीची निर्मिती आहे, असे मी म्हणतो तेव्हा मला टोमणा मारायचा नाही. व्यवहार कसा चालतो एवढेच सांगायचे आहे.

आणि हा ताळा करण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही. जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्या साहाय्याने २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या होत्या. त्यांतली १०० मुले हुशार होती आणि १०० मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या द्यायच्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगायचे. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी बरोबर उत्तरे ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती त्याहूनही थोडी कमी. हा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला, म्हणजे फ्रीडमन यांचे शंभर वर्षांचे पुस्तक आले त्याच वर्षी. आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी ठळकपणे दिली होती आणि ज्योतिषांना धारेवरही धरले होते. मग कुंडलीऐवजी नकाशा हातात घेतला की तीच कसोटी सैल का व्हावी? भूराजकारण म्हणजे ज्योतिष, असे मी म्हणत नाही. मी आयुष्यभर नकाशाच शिकवला. चीनचे बरेचसे तेल जिच्यातून जाते त्या मलाक्काच्या सामुद्रधुनीने चीनचा गळा धरता येतो हे मी फळ्यावर काढून दाखवले आहे. पण तो केव्हा आणि कोण धरील, हे फळ्यावर काढता येत नाही.

आता भाषेविषयी. १९५१ च्या मार्चमध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गोटाचा हल्ला ही ‘गंभीर शक्यता’ समजावी असे लिहिले गेले. अहवाल तयार करणारे शर्मन केंट यांना परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने विचारले, म्हणजे नेमकी किती? केंट म्हणाले, माझ्या मनात ६५ विरुद्ध ३५. अधिकारी चमकला; त्याने खूपच कमी धरली होती. मग केंट यांनी आपल्या सहकाऱ्यांना एकेकट्याने विचारले, तर त्याच दोन शब्दांचा अर्थ एकाने २० टक्के आणि दुसऱ्याने ८० टक्के केला होता, आणि या सर्वांनी मिळून त्या वाक्याला संमती दिलेली होती. आपल्या बातम्यांतले ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य मी माझ्या वहीत इतक्या वेळा उतरवले आहे की आता त्यासाठी ‘श.ना.’ अशी खूण केली आहे. तिसऱ्या महायुद्धाची श.ना., चीनच्या विघटनाची श.ना., पाकिस्तानच्या फाळणीची श.ना. हे वाक्य कधीही खोटे ठरू शकत नाही आणि म्हणूनच त्याचा उपयोगही होत नाही. माझ्या शेजाऱ्यांना ७० टक्के म्हटले असते, तर उरलेल्या ३० टक्क्यांसाठी त्यांनी निदान अर्धा प्लॉट तोडला असता.

आपल्याच देशातले एक सरकारी खाते हे काम दरवर्षी निमूटपणे करते. भारतीय हवामानशास्त्र विभाग एप्रिलमध्ये नैर्ऋत्य मोसमी पावसाचा अंदाज देतो : दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्या अमुक टक्के, आणि चूकभूल अधिक-उणे ५. मेअखेरीस सुधारित अंदाज येतो, तेव्हा तीच चूकभूल ४ वर येते. सप्टेंबर संपला की प्रत्यक्ष पाऊस किती झाला ते जाहीर होते आणि कोणालाही दोन आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. हवामान खात्याची टिंगल करण्यात आपली एक पिढी खर्ची पडली, परंतु टिंगल करता आली याचे कारणच हे की त्या खात्याने तारीख, आकडा आणि मुदत दिली होती. भूराजकीय तज्ज्ञांची टिंगल होत नाही, कारण तपासायला हाती काही लागतच नाही.

आणखी एक बाब, जी मला सर्वांत गंभीर वाटते. डिसेंबर २०११ मध्ये स्ट्रॅटफोरची संगणक-यंत्रणा फोडण्यात आली आणि २७ फेब्रुवारी २०१२ पासून विकिलीक्सने कंपनीचा पत्रव्यवहार, ५० लाखांहून अधिक ईमेल, प्रसिद्ध करायला सुरुवात केली. जगाची गुपिते विकणाऱ्या कंपनीने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांचे तपशील कूटबद्ध न करता ठेवले होते, हा विनोद त्या वेळी बराच चालला. पण भारतीय वाचकासाठी खरी बातमी वेगळी होती. भोपाळच्या वायुपीडितांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हालचालींवर डाऊ केमिकलसाठी लक्ष ठेवले जात होते, असे त्या पत्रव्यवहारातून समोर आले. आणि डाऊ म्हणजे ती कंपनी, जिने भोपाळच्या वायुकांडातील युनियन कार्बाइड २००१ मध्ये विकत घेतली होती. बाहेर आलेल्या ईमेलांची शहानिशा करायला स्ट्रॅटफोरने नकार दिला आणि काही ईमेल बनावट असू शकतील असे म्हटले, हेही नोंदवतो. तरीसुद्धा प्रश्न उरतोच : पडद्यावर आपल्याला जगाची चाल समजावून सांगणारा माणूस पडद्यामागे कोणासाठी काम करतो, हे प्रेक्षकाला कळायला नको का? शेअरबाजारावर बोलणाऱ्याला, ज्या समभागाबद्दल तो बोलतो आहे तो त्याच्याकडे आहे की नाही, हे सांगावे लागते. संरक्षण-सामग्रीच्या कंपनीचा सल्लागार युद्ध अटळ असल्याचे सांगतो, तेव्हा त्याला असे काहीच सांगावे लागत नाही.

माझी मागणी खर्चाची नाही. तज्ज्ञांचे नाव जिथे दाखवता त्याच पट्टीवर त्याच विषयावरचे त्यांचे मागचे भाकीत तारखेसह दाखवावे, आणि त्यांचा पेशा व अशील कोण, हेही. दैनिकांनी वर्षाच्या शेवटी राशिभविष्याला जेवढी जागा देता तेवढी जागा गेल्या वर्षी आपल्याच पानांवर छापलेल्या भाकितांच्या ताळ्याला द्यावी. निवेदकांनी प्रत्येक ठाम विधानानंतर दोनच प्रश्न विचारावेत : किती टक्के, आणि कधीपर्यंत? ज्यांना हे प्रश्न अपमानास्पद वाटतील ते पुन्हा येणार नाहीत. त्यांच्या जागी, टेटलॉक यांच्या पुढच्या प्रयोगांत जशी साधीसुधी, हौशी, पण आकडे जपून वापरणारी माणसे नावाजलेल्यांच्या पुढे गेली, तशी माणसे आपल्यालाही विद्यापीठांत आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत सापडतील. ती पडद्यावर थोडी कंटाळवाणी वाटतील, हे मान्य.

वहीची छायाप्रत मी आपल्यापैकी जो मागेल त्याला पाठवीन. तिच्यात मुदतीचा रकाना भरलेल्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, आणि त्या का एवढ्याच आहेत याचे उत्तर माझ्याकडे नाही, आपल्याकडे आहे. शेजाऱ्यांच्या बागेची छाटणी ऑक्टोबरमध्ये होते आणि माल जानेवारी-फेब्रुवारीत तोडणीला येतो. या वेळी त्या सुमारास पुन्हा कोणी सुएझविषयी बोलायला बसले, तर त्यांच्या नावाखाली जानेवारी २०२४ चे वाक्य दिसावे, एवढ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
ता. निफाड, जि. नाशिक